बुद्धिबळ : ट्रॅक्सलर बचावासमोर घोडा जी५ खेळावं की टाळावं? (आमच्या क्लबातला ८ चालींचा गेम)

पांढरं_सोनं
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहून राहिलो. आमच्या इथं वाचनालयाच्या ओसरीत दर रविवारी दुपारी बुद्धिबळाचा क्लब भरते. क्लब म्हंजे सहा फ्लेक्सचे पट, सहा प्लास्टिकचे सेट अन् आठ-दहा माणसं, त्यातले निम्मे शाळकरी पोट्टे. मी इथं वीस वर्षांपासून खेळतो, गावात सहसा हरत नाही, म्हणून परवाचा गेम लय मनाले लागला.

समोर नववीतलं पोट्टं. पांढरे माझे. (अक्षर म्हंजे उभी पट्टी, आकडा म्हंजे आडवी ओळ; नुसतं घर लिहिलं असंन तर प्यादं.)

१. ई४ ई५ २. घोडा एफ३, घोडा सी६ ३. उंट सी४, घोडा एफ६ ४. घोडा जी५, उंट सी५

इथं मी थांबलो. एफ७ च्या प्याद्यावर माझा घोडा अन् उंट दोघंही टपून बसलेले, अन् पोट्ट्यानं ते वाचवलंच नाही, निवांत उंट काढून सी५ ले ठेवला. मले वाटलं त्याले दिसलंच नाही. दया पण आली थोडीशी.

५. घोड्यानं एफ७ मारलं (वजीर अन् हत्ती एकदम माऱ्यात), त्यानं उंटानं एफ२ मारून शह ६. राजानं उंट खाल्ला, त्याच्या घोड्यानं ई४ मारून शह ७. राजा जी१, वजीर एच४ ८. घोड्यानं एच८ चा हत्ती मारला, वजीर एफ२, मात.

आठ चाली. एक गोष्ट सांगतो, त्या सेटमधला काळा एक हत्ती हरवलेला आहे, त्याच्या जागी आम्ही फवारणीच्या पंपाची पितळी नोझल ठेवतो. एच८ वर नोझलच होती. ती उचलून मी हातात धरली, जड लागते हाताले, अन् तेवढ्यात पोट्ट्यानं वजीर एफ२ ले सरकवला, आवाज न करता, अन् दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलं. "मात" पण म्हनलं नाही. मीच पटाकडं पाहत बसलो.

प्रश्न असा : पुढच्या वेळेस चौथ्या चालीले घोडा जी५ खेळावंच का? की डी३ करून गुमान शांत खेळावं?

संत्रा_बाग
वजीर एच४ ला आल्यावर एफ२ ची मात दिसली नाही काय भाऊ?

पांढरं_सोनं
नाही दिसली. त्याचा वजीर माझ्या घोड्याच्या माऱ्यातून पळाला असंच वाटलं. पळणारा वजीर मारायले बी येते हे डोक्यात आलंच नाही.

अडीच_घर
भाऊ, ह्याला ट्रॅक्सलर म्हणतात. टू नाइट्स डिफेन्समधली (दोन घोड्यांचा बचाव) सगळ्यात जहाल शाखा. कारेल ट्रॅक्सलर हा बोहेमियातला (आताचा चेक देश) एक धर्मगुरू होता, बुद्धिबळाची कोडी पण रचायचा, १८९० मध्ये त्यानं राइनिश नावाच्या खेळाडूविरुद्ध हा बचाव खेळला आणि तो गेम आजही लोक पाठ करतात. अमेरिकेत ह्यालाच विल्क्स-बॅरे म्हणतात, ते पेनसिल्व्हेनियातलं एक शहर आहे, तिथल्या क्लबातल्या लोकांनी ह्याच्यावर काम केलं म्हणून शहराचं नाव पडलं. म्हणजे हा क्लबातल्या माणसांचाच बचाव आहे असं समजा.

आता तुमच्या गेमबद्दल. सातव्या चालीपर्यंत तुम्ही मेले नव्हता. वजीर एच४ आल्यावर हत्ती मारायला वेळ नव्हता, ८. जी३ हवी होती. मग तो घोड्यानं जी३ मारतो, तुम्ही एच प्याद्यानं घोडा घेता, तो वजिरानं जी३ मारून शह देतो, राजा एफ१, आणि मग तो हत्ती एफ८ ला आणतो. इथं गंमत बघा, तुमचा एफ७ वरचा घोडा हलूच शकत नाही कारण मागं त्याच पट्टीवर तुमचा राजा. तुमच्याकडे मोहरे जास्त, पण राजा उघडा आणि वजिराकडचे निम्मे मोहरे अजून घरातच. घड्याळ चालू असताना पटावर हे सगळं शोधणं कोणालाही जड जाईल.

म्हणून माझं मत : पाचव्या चालीला घोडा नको, उंटानं एफ७ मारून शह द्या. त्याला राजा हलवावा लागतो, सहसा ई७ ला, म्हणजे कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणं) गेलं, आणि तुम्ही एक प्यादं वर. मग उंट बी३ ला किंवा डी५ ला परत घ्या. ५. डी४ पण खेळतात, मध्यात उलटा वार म्हणून, पण त्यात चाली पाठ लागतात.

मास्तर_निवृत्त
मी ३१ वर्षे शाळेत होतो आणि शाळेचा बुद्धिबळ संघही सांभाळला, म्हणून थोडे परखड लिहितो. नववीच्या मुलाने असले डाव शिकावेत हे मला पटत नाही. मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहायचा, सापळा पाठ करायचा आणि अनुभवी माणसाला आठ चालीत पाडायचे, ह्यातून मुलाला बुद्धिबळ येत नाही. सापळा जमला नाही तर पुढे काय करायचे हे त्याला कोण सांगणार? कॅपाब्लांकासारखा जगज्जेता सांगत असे की शिकायला सुरुवात शेवटापासून करा, राजा आणि प्यादी, राजा आणि हत्ती, इथून. आमच्या मुलांना एफ७ माहीत असते, पण राजा-हत्तीच्या शेवटात बरोबरी कशी धरायची ते विचारा, गप्प बसतात.

चंद्रपूरची_लेक
मास्तर, आदर ठेवून असहमत. सापळ्यात अडकूनच मी खेळायला शिकले. बाबा काळ्याकडून बुडापेस्ट नावाची सुरुवात खेळायचे. मी सहावीत असेन, १. डी४ घोडा एफ६ २. सी४ ई५ ३. डी प्याद्यानं ई५ खाल्लं, घोडा जी४ ४. उंट एफ४, घोडा सी६ ५. घोडा एफ३, उंट बी४ शह ६. दुसरा घोडा डी२ मध्ये घातला, वजीर ई७ ७. ए३, जी४ च्या घोड्यानं ई५ घेतलं. मला बी४ वर उंट फुकट दिसला, मी ए प्याद्यानं उचलला आणि घोडा डी३ मात. माझा राजा माझ्याच मोहऱ्यांत कोंडलेला, आणि ई२ चं प्यादं घोड्याला मारू शकत नव्हतं कारण समोर ई७ वर वजीर. ती पण आठवीच चाल! मी रडले होते. आणि मग आठवडाभर त्या एकाच पोझिशनवर बसले, पिन (मागं राजा म्हणून मोहरं जागेवर अडकणं) म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात कळलं. कोणत्याही वर्गात ते तसं कळलं नसतं.

आणि पांढरं_सोनं दादा, ते पोट्टं हात मांडीखाली घेऊन बसलं हे वाचून मला ते फार आवडलं. जिंकल्यावर एवढं शांत राहणं सोपं नसतं त्या वयात.

तर्री_पोहे
दोघांचे गेम आठव्या चालीत, दोघंही फुकटचं खायला गेले. फुकट दिसलं की आधी पाणी प्यायचं, मग हात लावायचा.

गार्डाचा_डबा
विषय थोडा बाजूला नेतो, माफी असावी. दारव्हा वाचलं आणि शकुंतला रेल्वे आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, नॅरोगेज, कारंजा-दारव्हा करत जायची. मी कॉलेजला असताना तिच्यातून यायचो-जायचो आणि आम्ही चौघं मित्र लोहचुंबकाचा छोटा पट घेऊन बसायचो. गाडी इतकी हळू की एका फेरीत तीन गेम आरामात व्हायचे, भाजीवाल्या बाया टोपली बाजूला सारून बघत बसायच्या. त्यातल्या एक आजी रोज विचारायच्या, "वजीर मेला काय रे?" मेला म्हटलं की "आता लवकर संपव, टेशन आलं." त्यांना बाकी काही कळत नव्हतं पण वजीर मेला की गेम संपायला आला एवढं त्यांनी बघून बघून ओळखलं होतं. गाडी बंद पडली, पट अजून आहे माझ्याकडे, पांढरा एक उंट गंजला.

संत्रा_बाग
शकुंतलेवर वेगळा धागा काढा राजेहो, मी पण लिहीन. आमच्या वरूडकडून काही संबंध नव्हता पण मामाचं गाव कारंजा.

पुणेकर_वऱ्हाडी
मूळचा दिग्रसचा, आता पुण्यात. इथे मुलाला क्लासला घालतो तर महिन्याची फी ऐकून गावाकडचे लोक हसतील. तुमच्या ओसरीवर ते फुकट होतंय ह्याची किंमत करा.

मूळ प्रश्नावर : सरळ डी३ खेळा. माझा साधा हिशोब असा की ट्रॅक्सलर खेळणारा पोरगा त्यात शंभर गेम खेळून बसलाय, तुम्ही एक. त्याच्या घरात जाऊन भांडायचं कशाला. ४. डी३, मग कॅसल, सी३, हत्ती ई१, सावकाश. अनुभव तुमच्या बाजूला येतो, पाठांतर त्याच्या बाजूला राहत नाही.

अडीच_घर
बुद्धिबळ म्हणून @पुणेकर_वऱ्हाडी यांचं बरोबर आहे. पण ४. घोडा जी५ नंतर काळ्याचा नेहमीचा रस्ता ४... डी५ आहे, मग ५. ई प्याद्यानं डी५ मारल्यावर घोडा ए५. तो रस्ता हा पोरगा धरणार नाही म्हणून जी५ च सोडून देणं म्हणजे ट्रॅक्सलरला घाबरून अख्खी शाखा सोडणं. उंटानं एफ७ शह एवढी एक चाल लक्षात ठेवली तरी पांढऱ्याचं बरं चालतं.

पांढरं_सोनं
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. रात्री वावरात मोटरवर होतो, लाइन रात्रीचीच असते आमच्याकडं, तर पाणी चालू करून बांधावर मोबाइलवर लिचेस हे बुद्धिबळाचं अ‍ॅप उघडून तीच पोझिशन लावून बसलो होतो.

@पुणेकर_वऱ्हाडी, डी३ चं मले पटते, पण एक अडचण आहे ती सांगतो. त्या पोट्ट्यासमोर बसणारा गावात मीच एक आहे. बाकीच्या पोट्ट्यांना ते पंधरा मिनिटांत संपवते. यवतमाळले स्पर्धा असली तर एसटीनं जाणं-येणं, एन्ट्री फी, त्याच्या बापाले वेचणीच्या दिवसांत एक दिवस सोडणं बी परवडत नाही. म्हंजे ते जे काही घरी मोबाइलवर शिकते, ते खऱ्या माणसावर तपासून पाहाले त्याच्याकडं फक्त मी. मी जर डी३ करून बाजूला झालो तर त्याचा ट्रॅक्सलर कोण तपासणार? हे हरण्या-जिंकण्यापेक्षा मले मोठं वाटून राहिलं.

@मास्तर_निवृत्त, तुमचं शेवटाचं म्हणणं मी मनात धरलं आहे. खोटं नाही सांगत, आमच्या क्लबात शेवट कोणी शिकवत नाही.

चंद्रपूरची_लेक
दादा, मग उत्तर तुमचं तुम्हीच दिलं. खेळा जी५.

मास्तर_निवृत्त
वरील प्रतिसाद वाचून माझे म्हणणे थोडे बदलतो. समोर बसणारा माणूस असा असेल तर मुलाने ट्रॅक्सलर जरूर खेळावा. माझा राग मोबाइलवर होता, मुलावर नव्हता.

@अडीच_घर, तुम्ही उल्लेख केलेला १८९० चा गेम मी काल पटावर लावून पाहिला. राइनिशने सहाव्या चालीला उंट न खाता राजा ई२ ला नेला. तिथून ट्रॅक्सलरने त्या राजाला पटावरून थेट ए पट्टीपर्यंत फिरवला, वाटेत स्वतःचा वजीर दिला, दोन्ही घोडे दिले, आणि सतराव्या चालीला सी५ हे साधे प्यादे पुढे टाकून मात. माझे आजोबा देशी पद्धतीने खेळत, प्यादे पहिल्यांदाही एकच घर जायचे आणि राजाला एकदाच घोड्याची उडी असायची. त्यांच्या लेखी प्यादेमात ही सगळ्यात मानाची मात. वजिराने मात केली तर म्हणायचे, "झालं, आता प्याद्यानं करून दाखव." हा गेम त्यांना दाखवायला हवा होता. मी पटावरची मोहरी तशीच ठेवली आहेत, अजून आवरली नाहीत.

गार्डाचा_डबा
मास्तर, आमच्या आजोबांचीही हीच पद्धत! एकच घर प्यादं. मी शाळेत पहिल्यांदा प्यादं दोन घरं पळताना बघितलं तेव्हा समोरचा चोरी करतोय असं वाटलं, भांडलो होतो.

पुणेकर_वऱ्हाडी
ठीक आहे, मी हरलो ह्या चर्चेत. पण दादा, गेम इथं टाका नक्की.

एक गोष्ट लिहायची राहिली. २०२५ च्या जुलैत जॉर्जियात बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक घेतला आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली, तेव्हा माझ्या दिग्रसच्या काकूंनी फोन करून विचारलं होतं की आपल्या मुलींना कुठं शिकवतात. ज्यांनी कधी पट बघितला नाही त्या काकूंनी! रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हेही नागपूरचेच ग्रँडमास्टर. पण ते सगळं नागपूर. तालुक्याच्या गावात तुमच्यासारखी ओसरी असल्याशिवाय पुढचं काही होणार नाही, हे मला मनापासून वाटतं.

तर्री_पोहे
रविवारची वाट पाहतो. नोझल त्याच्याकडेच द्या ह्या वेळी पण.

पांढरं_सोनं
झाला गेम. काल. लिहायले उशीर झाला, कापूस गाडीत भरायचा होता.

पांढरे माझेच. चार चाली तशाच, घोडा जी५ खेळलो तवा पोट्ट्यानं एकदा वर पाहिलं माझ्याकडं, मग उंट सी५. ह्या वेळेस मी ५. उंटानं एफ७ शह. राजा ई७ ६. उंट बी३, हत्ती एफ८ ७. कॅसल केलं, डी६ ८. घोडा सी३, वजीर ई८ ९. घोडा डी५ शह, राजा डी८ १०. सी३, एच६ ११. घोडा एफ३, उंट जी४.

इथपर्यंत मी एक प्यादं वर, त्याचा राजा मधात, तरी जीव घशात आलता. एफ पट्टीवर त्याचा हत्ती, जी४ वर उंट, सी५ वर दुसरा उंट माझ्या एफ२ वर रोखलेला, वजीर केव्हाही एच५ ले येणार. मंडळी, मागच्या वेळेस ह्याच जागी मी काय खाऊ म्हणून पाहत होतो, ह्या वेळेस दर चालीले आधी त्याले काय पाहिजे ते पाहिलं. अन् एकच काम केलं, बदलाबदल. जे बदलता येईल ते बदललं. माझ्या फोनवर पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदाचं घड्याळ लावलं होतं, त्याचं अन् माझं दोघांचंही एक मिनिटाच्या आत आलं.

शेवटी एकेक हत्ती उरला अन् माझं एक प्यादं जास्त. मले वाटलं जिंकलो. तर त्यानं राजा माझ्या प्याद्यासमोर ठेवला अन् हत्ती माझ्याकडून सहाव्या ओळीवर आडवा लावला. नोझलच होती ती. माझा राजा पुढं जाऊच देईना. मी प्यादं सहाव्या ओळीत ढकललं तशी ती नोझल सरळ खाली माझ्या पहिल्या ओळीत, अन् मागून शह, शह, शह. लपाले जागा नाही. बरोबरी.

मास्तर_निवृत्त
अहो, हा फिलिडोरचा बचाव! अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू. हत्तीच्या शेवटातला पहिला धडा. प्यादे सहाव्यात येईपर्यंत हत्ती तिथून हलवायचा नाही, आले की मागे जायचे. पोराला हे कोणी शिकवले? तुम्ही तर लिहिले होते की क्लबात शेवट कोणी शिकवत नाही.

पांढरं_सोनं
मी बी तेच विचारलं त्याले. मोबाइलवर पाहिलं का म्हनलं. तर म्हणते, "काका, मागच्या दिवाळीत तुम्ही मले असंच अडवलं होतं, लय चिडलो होतो मी." मले आठवत नाही. मी तवा फिलिडोर म्हणून काही केलं नसंन, सुचलं तसं हत्ती लावून बसलो असंन. त्यानं ते वर्षभर ध्यानात ठेवलं.

चंद्रपूरची_लेक
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं दादा.

अडीच_घर
सुरेख गेम. अकराव्या चालीला घोडा एफ३ ऐवजी डी४ लगेच करता आलं असतं, त्यावर सवडीने बघा. पुढच्या रविवारी काय?

पांढरं_सोनं
पुढच्या रविवारी काळे माझ्याकडं. पोट्टं ई४ च खेळते अन् उंट सी४ ले आणते. मी बी घोडा एफ६, मग उंट सी५ करून पाहीन म्हणतो, त्यानं घोडा जी५ खेळला पाहिजे फक्त.

तर्री_पोहे
नाही खेळत तो. चौथ्या चालीला डी३, लिहून ठेवा.